बॉनेटवरची टकटक

घड्याळजीने जुन्या गाडीला नवा अलार्म बसवला आणि त्याच संध्याकाळी घरात अबोला सुरू झाला.

अलार्म तसा गुणी. घराखाली उभ्या गाडीला कोणी हात लावला, की दोन गल्ल्या पलीकडे दुकानात बसलेल्या घड्याळजीच्या खिशातला रिमोट किंचाळायचा. त्याचं कौतुक ऐकून घेऊन बायको म्हणाली, "गाडीला बोट लागलं तर तुम्हाला दुकानात कळतं. मागच्या महिन्यात मी तीन दिवस तापाने फणफणत होते, ते शेजारच्या खोलीत नाही कळलं."

यावर शहाण्या माणसाने मान खाली घालावी. घड्याळजी म्हणाला, "तुला कुठे अलार्म आहे?"

त्याच्या मते हा विनोद होता. बायकोने पाण्याचं भांडं जरा जोरात ठेवलं आणि बोलणं बंद केलं.

या घरात आधी बोलेल तो चुकला, असा नियम होता. तीस वर्षांत घड्याळजी एकदाही चुकला नव्हता. माघार घेण्याचं खातं बायकोकडेच होतं.

चौथ्या दिवशी दुपारी रिमोट किंचाळला. घड्याळजी डोळ्यावरच्या भिंगासकट धावत सुटला. गाडीपाशी बायको उभी, एक हात कमरेवर, दुसऱ्याने बॉनेटवर टकटक चाललेली. एरवी ती फोन करून "डबा भरलाय" म्हणायची. पण फोनवर बोलावं लागतं. तिने डबा बॉनेटवर ठेवला आणि जिना चढून गेली.

मग रोज दीडला टकटक होऊ लागली. घड्याळजी सव्वापासूनच चपला घालून बसू लागला.

अलार्म बसवणारा फिटर एकदा दुकानात डोकावला. "काका, शेजारी तक्रार करतायत. रोज दीडला बोंबलतोय म्हणे. मांजर बसत असणार. सेन्सर जरा कमी करून देऊ?"

"खबरदार हात लावशील तर," घड्याळजी म्हणाला. "मांजर नाही, घरचं माणूस आहे."

अकराव्या दिवशी दीड वाजला. रिमोट गप्प. त्याने तो हलवून पाहिला, सेल काढून परत घातले. भिंतीवरची सगळी घड्याळं एकमताने पावणेदोन म्हणू लागली. गाडीला कोणीही हात लावलेला नाही, सगळं ठीक आहे, असं रिमोटवरचा हिरवा दिवा सांगत होता. घड्याळजी डोळ्यावरच्या भिंगासकट घराकडे धावत सुटला.

तो गाडीकडे न बघता जिना चढला. बायको पांघरूण घेऊन पडली होती. कपाळ चटका बसेल इतकं तापलेलं.

"अगं, कधीपासून?"

तिने डोळे उघडले. "आधी कोण बोललं?"

"मी."

"नीट ऐकू नाही आलं."

"मी बोललो, मी चुकलो. तेव्हाही चुकलोच होतो. डॉक्टरांना फोन करतो, पडून राहा."

"पण तुम्हाला कळलं कसं?"

"अलार्म वाजला नाही ना."

ती हसली; हसताना तिला खोकला आला. "आधी ते डोळ्यावरचं भिंग काढा. माझा ताप केवढा दिसत असेल त्यातून!"

त्याने भिंग खिशात टाकलं, डॉक्टरांना फोन केला, वाटीत पाणी आणलं. कापडाची घडी भिजवत होता, तेवढ्यात रिमोट किंचाळला.

"अहो, गाडी!" बायको उठू लागली.

"मांजर असेल," घड्याळजी म्हणाला आणि घडी पिळून तिच्या कपाळावर ठेवली.