तपासलंय

यशोधराने केबल उपसली, तिचं टोक ओढणीने पुसलं आणि पुन्हा कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचली. पडद्यावर तीच ओळ उमटली: उपकरण ओळखीचं नाही. सकाळपासून ही ओळ तिने इतक्यांदा वाचली होती की कोणीतरी आपल्यालाच सुनावतंय असं तिला वाटायला लागलं होतं.

टेबलावरचा पांढरा डबा राहात्याहून आला होता. जिल्ह्यातल्या काही द्राक्ष बागायतदारांनी गट करून असे तीन डबे परदेशातून मागवले होते. डबा बागेत खांबावर अडकवायचा. हवेतली उष्णता, दमटपणा आणि मुख्य म्हणजे पान किती तास ओलं राहिलं, ते तो टिपून ठेवी. पान फार वेळ ओलं राहिलं की केवडा, म्हणजे बुरशीचा रोग, पडतो, आणि फुलोऱ्यात केवडा पडला की हंगाम हातचा जातो. रोज सकाळी डबा उतरवून कॉम्प्युटरला जोडायचा, आकडे बघायचे आणि फवारायचं की नाही ते ठरवायचं. गेल्या वर्षीचा पहिला डबा सुरळीत चालला होता. यंदाचे दोन दिसायला तस्सेच होते, पण कॉम्प्युटर त्यांना दारात उभं करीत नव्हता.

यशोधरा नगरच्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. गटाच्या कॉम्प्युटरांवर लिनक्स तिनेच बसवलं होतं, एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून. ते फुकट होतं आणि त्याचं सगळं पोट उघडून वाचता येत होतं. त्याच्या गाभ्याला, कर्नलला, या डब्याची भाषा शिकवणारा एक छोटा ड्रायव्हर होता. युरोपातल्या कुणा गृहस्थाने तो लिहिला होता आणि तोच तो सांभाळत होता. यूएसबीची कुठलीही वस्तू जोडली की ती आधी दोन नंबर सांगते, एक बनवणाऱ्याचा, एक स्वतःचा. ड्रायव्हरजवळ अशा नंबरांची यादी होती. यादीत असेल तो आपला, नसेल तो परका.

दुपारी तिने यादीत एक ओळ वाढवली. कर्नल नव्याने बांधायला त्या जुन्या मशीनला दोन तास लागले, आणि तेवढ्या वेळात ती चार वेळा खुर्चीवरून उठली. मग केबल जोडली. आकडे सरसर वर चढू लागले. तिने डब्याच्या ओल टिपणाऱ्या पट्टीवर कापसाचा ओला बोळा धरला, पान ओलं असल्याची खूण आली. बोळा काढून पट्टी कोरडी केली, खूण गेली. तिने हे तीनदा केलं. सांगायला आसपास कोणी नव्हतं. संध्याकाळच्या बॅचची मुलं जिन्यात चपला काढत होती.

दुसऱ्या दिवशी काष्टीहून मच्छिंद्र पाचपुत्यांचा फोन आला. तिसरा डबा त्यांच्या बागेत होता.

"ताई, राहात्याचं चालू झालं म्हनं. आमचं कवा?"

"तुमच्या पडद्यावर नंबर आला असेल, तो वाचा."

त्यांनी एकेक अक्षर वाचलं. राहात्याच्या नंबरापेक्षा फक्त शेवटचा आकडा वेगळा होता.

"डबा नगरला पाठवू का? येष्टीत देतो."

तिने भिंतीवरच्या वेळापत्रकाकडे पाहिलं. परीक्षा जवळ आल्या होत्या. "राहू द्या," ती म्हणाली. "एकाच घरातली भावंडं आहेत ती. मी फ्लॉपीच पाठवते."

तिने यादीत दुसरी ओळ घातली, नवा ड्रायव्हर फ्लॉपीवर उतरवला आणि ती दौंड गाडीच्या कंडक्टरकडे दिली. तिसऱ्या दिवशी फोनवर मच्छिंद्ररावांचा आवाज फुलला होता.

"आकडं दिसाय लागलं, ताई! आता ह्याच्यावर भरवसा ठिवायचा ना?"

"ठेवा," ती म्हणाली. "तपासलंय."

त्याच दिवशी तिने दोन्ही ओळी त्या गृहस्थाला ईमेलने पाठवल्या. दोन दिवसांनी उत्तर आलं. काम नीटस आहे, पुढच्या आवृत्तीत तुमच्या नावानिशी जाईल, असं त्यात होतं. खाली एक प्रश्न होता: दोन्ही उपकरणं तुम्ही स्वतः चालवून पाहिली आहेत ना? इंटरनेट जोडलेली फोनची लाइन केव्हाही तुटली असती. तिने 'होय' लिहिलं आणि पाठवून दिलं.

आनंद व्हायला हवा होता. झालाही, घरी पोचेपर्यंत. मग वर्गात शिकवताना तिचा खडू मध्येच थांबू लागला. जेवताना ती ताटातला भात नुसता चिवडत बसे. असे दहाबारा दिवस गेले. एका शनिवारी तिचे वडील, कोंडीराम, ओट्यावर बसून विहाराच्या माइकची वायर जोडत होते. टेलिफोन खात्यात लाइनमन म्हणून त्यांनी तीस वर्षं काढली होती.

"आप्पा, माझं नाव कर्नलमध्ये येणार आहे," ती म्हणाली.

"कोन कर्नल? कॅम्पातला?"

ती हसली आणि तिने सगळं समजावून सांगितलं. त्यांनी चिकटपट्टी दाताने तोडली.

"म्हंजे नवा नंबर वहीत चढवला."

"तसंच काहीसं."

"आमी नंबर चढवला की त्या घरी जायचो. तिथनं एक्सचेंजला फोन लावायचा, बोलायचं, मग सही." त्यांनी वायर ओढून पाहिली. "काष्टीला कवा गेल्तीस?"

त्यांनी माइक तोंडाशी धरून 'हॅलो, हॅलो' केलं आणि ते आवाज कसा येतो ते ऐकत राहिले.

रविवारी पहिल्या गाडीने ती काष्टीला उतरली. धुई दाट होती. मच्छिंद्ररावांची बाग रस्त्यालगतच होती. ते मफलर गुंडाळून वेलींच्या ओळीत उभे होते. तिला पाहून त्यांनी घाईने डबा खांबावरून उतरवला.

"चला घरी. दावतो तुमाला. पंधरा दिस झालं, एक दिवस चुकला न्हाई."

"थांबा," ती म्हणाली आणि जवळच्या वेलीचं पान तिने दोन बोटांत धरलं. बोटांवरून पाणी मनगटापर्यंत ओघळलं.

घरी पुढच्या खोलीत कॉम्प्युटरवर मखमली कापड घातलेलं होतं. मच्छिंद्ररावांनी ते काढून घडी केली. साळूबाई, त्यांच्या पत्नी, चहा घेऊन दारातच थांबल्या. आकडे आले. उष्णता बरोबर. दमटपणा बरोबर. पान ओलं राहिल्याचे तास: शून्य. यशोधराने मागचे दिवस काढले. शून्य. शून्य. पंधराच्या पंधरा दिवस शून्य.

"तुम्ही फवारलं?" तिने विचारलं.

"कशापाई? मशीन कोरडं म्हनतंय की."

"पण पान... रोज असंच ओलं असणार ना?"

मच्छिंद्ररावांनी हातातलं कापड मांडीवर ठेवलं. "रोज हात लावून बघायचो. हात ओला हुयाचा. म्हनलं, आपल्या हाताला काय कळतंय." त्यांनी कापडाची घडी दाबून सरळ केली. "तुमी म्हनला हुता, तपासलंय."

यशोधराच्या हातात चहाचा कप होता. तो कुठे ठेवायचा ते तिला सुचेना.

"मी तपासलं नव्हतं," ती म्हणाली. "राहात्याचा डबा तपासला होता. हा मी आज पहिल्यांदा बघतेय."

मच्छिंद्रराव उठले आणि बाहेर गेले. ती मागोमाग गेली. विहिरीकडच्या ओळींमध्ये ते पानं उलटी करत चालले होते, एक, दोन, दहा. मग त्यांनी एक पान तोडून तिच्यासमोर धरलं. वरून तेलकट पिवळा डाग, खालून पांढरी बुरशी.

"किती आहे?" तिने विचारलं.

"चार वळी. वरल्या अंगाला न्हाई अजून." त्यांनी पान चुरगळून खिशात घातलं, खाली टाकलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं. ते पंपाकडे वळले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "चहा घेऊन जा. गार झाला आसंल."

ती गेली नाही. दिवसभर ती मखमली कापडाशेजारी बसली आणि डब्यातून येणारा एकेक आकडा वहीत उतरवत राहिली. बाहेर पंपाचा आवाज या ओळीतून त्या ओळीत सरकत होता. दुपारी वीज गेली, तिनेक वाजता आली. चारच्या सुमारास तिला दिसलं. हा डबा बाकीच्या दोन डब्यांपेक्षा आकड्यांचा लांब निरोप पाठवत होता. ड्रायव्हर ठरलेल्या लांबीवर तो तोडत होता. उष्णता आणि दमटपणा सुरुवातीला होते म्हणून पोचत होते. पान शेवटी होतं. तुटलेल्या भागाच्या जागी ड्रायव्हर मुकाट शून्य दाखवत होता.

सोमवारी क्लास उघडताच तिने ईमेल लिहिली. तिसऱ्यांदा लिहिली तेव्हा ती छोटी झाली. दुसरी ओळ काढून टाका. ते उपकरण मी पाहिलेलं नव्हतं, तरी पाहिलं असं तुम्हाला लिहिलं. काल पाहिलं. चालत नाही. एका बागेचं नुकसान झालं आहे.

उत्तर बुधवारी आलं. ओळ काढली, एवढंच त्यात होतं. पहिल्या ओळीचा, तिच्या नावाचा उल्लेख त्यात नव्हता. तिनेही विचारलं नाही. तिने ड्रायव्हरमध्ये लांब निरोपाची सोय करायला घेतली. शनिवारपर्यंत ती झाली, निदान कागदावर तरी.

पुढच्या रविवारी ती पुन्हा काष्टीला गेली. मच्छिंद्ररावांनी दार उघडलं, पण ते तिच्या हातातल्या फ्लॉपीकडे बघत राहिले. विहिरीकडच्या चार ओळींतले घड काळवंडून गळले होते. वरची बाग हिरवी होती.

"बसवू का?" तिने विचारलं.

"बसवा. हाय तर हाय."

तिने फ्लॉपी घातली, डबा जोडला. पान ओलं राहिल्याचे तास: चार. शून्य गेलं होतं. मग ती उठली आणि बागेत निघालेल्या मच्छिंद्ररावांना तिने दारातच गाठलं.

"तुमच्या हाताला किती वाटले? पान किती तास ओलं होतं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, थट्टा तर नाही ना, असं. मग आभाळाकडे, मग बागेकडे.

"सहा," ते म्हणाले. "सहाच्या वर, पन खाली न्हाई."

तिने वहीत चारच्या शेजारी सहा लिहिलं.

"ह्यातलं खरं कंचं?"

"अजून ठाऊक नाही," ती म्हणाली.

मच्छिंद्ररावांनी उंबऱ्याशी ठेवलेल्या जास्तीच्या घागरीकडे बोट दाखवलं.

"मग आज फवारून घिऊ," ते म्हणाले. "ती घ्या. हौदावरनं पानी आनावं लागंल."

वही पिशवीत टाकून तिने घागर उचलली.