पाच पियाले अक्रोड

हुलकरला वजनकाट्याचा भारी अभिमान. लग्नाआधी चार वर्षं औषधांच्या दुकानात पुड्या तोलत काढलेली; अंदाजाने चहात साखर टाकणाऱ्यांचीसुद्धा तिला कीव यायची. तोच शहाणपणा आज नडला.

सासऱ्यांना जाऊन वर्ष झालं होतं. त्यांच्या नावाने आज बायकांचं जेवण, उद्या पहाटे पुरुषांचं. दोन्ही जेवणांत हलवा, आणि त्यात अंगणातल्या झाडाचेच अक्रोड हवेत असं सासूने, अदोलतआपांनी, बजावलं होतं. झाड सासऱ्यांनी लावलेलं, हिवाळ्यात वाऱ्याने आडवं झालं. त्यांच्या अर्सलानबोब गावच्या बाजारात अक्रोडाचे ढीग लागतात हो, पण त्या झाडाचे सोललेले एवढ्या एका पिशवीतच उरले होते.

कढईला कुणाला हात लावू न देणाऱ्या आपांनी पहिल्यांदाच झारा सुनेच्या हाती दिला. आज पाच पियाले घाल, उरलेले उद्याला, एवढं सांगून त्या पाहुण्यांकडे गेल्या.

पियाला म्हणजे किती? हुलकरने चहाचा पियाला पाण्याने भरून काट्यावर ठेवला, रिकाम्याचं वजन वजा केलं. बरोबर दोनशे ग्रॅम. पाचांचे एक किलो. तिने किलोभर अक्रोड तोलले, जाडसर कुटले आणि कढईत लोटले. मग पिशवीत बघते तर जेमतेम दोन मुठी.

उरलेले तिने पियाल्यात ओतले, तर तो काठोकाठ भरला, आणि काटा शंभरावर थांबला. पाणी सगळ्या फटी भरतं. वेडेवाकडे अक्रोड जागा अडवून बसतात. पाच सांगितले होते, तिने दहा घातले होते.

आता? कुटलेला अक्रोड उकळत्या हलव्यातून वेचायचा कसा? दोन बोटं भाजली तेव्हा तो नाद सुटला. बाजारातून अर्धा किलो आणून पिशवीत भरले तर कोणाला कळणार होतं? ती पायात जोडे घालून फाटकापर्यंत गेलीसुद्धा. पण सासऱ्यांच्या नावाच्या जेवणात खोटे अक्रोड! तिचा पाय पुढे पडेना. आता या घरात आपल्याला थारा नाही, असं तिला वाटलं.

आपा आत आल्या तेव्हा तिने सगळं सांगून टाकलं. काटा, पाणी, फाटकसुद्धा.

आपांनी चमचाभर हलवा फुंकून तोंडात घातला आणि कितीतरी वेळ चावत राहिल्या.

"आई, चुकलंच माझं. काय ते बोला, पण बोला."

"घासाघासाला अक्रोड लागतोय गं," आपा हळूच म्हणाल्या.

"हो, आई."

"हे दर वेळी म्हणायचे, हात आखडू नकोस, दाताखाली जरा अक्रोड येऊ दे. तेहतीस वर्षं मी पाचाच्या वर सहावा पियाला घातला नाही. म्हणायची, यंदा पुरवू या, पुढच्या वर्षी घालीन."

त्यांनी आणखी एक चमचा घेतला, पण तो तोंडापर्यंत गेला नाही. हुलकरने तो हातातून काढून घेतला. डोक्याचा रुमाल तोंडावर ओढून आपा चुलीपाशीच बसल्या आणि वर्षभरात पहिल्यांदा मोठ्याने रडल्या.