पेन्सिलीची मापं

"काका, परत बारा टक्क्यांवर अडकलं?" फोनवरून कंपनीची इंजिनियर स्पृहा विचारत होती.

"अडकलं मॅडम. तिसऱ्यांदा," चिंतामणी घाडी म्हणाला.

प्रभादेवीच्या त्या जुन्या इमारतीची लिफ्ट तीन आठवडे बंद होती. कंट्रोल बोर्डात नवा प्रोग्राम भरायचा, म्हणजे लॅपटॉपवर एक ओळ टाइप करायची, बस्स! पण तीस वर्षं लिफ्टच्या पोटात हात घातलेला हा मिस्त्री लॅपटॉपला लांबूनच नमस्कार करायचा. आणि वर चौथ्या मजल्यावर राहणारे म्हातारे तात्या वॉकर धरून दाराशी तयार. नात जुईची क्रिकेटची फायनल, चार वाजता, शिवाजी पार्कला. शेजारचे चौघं त्यांना खुर्चीतून खाली न्यायला तयार होते, पण तात्या ऐकतील तर शपथ! "उचलून न्यायचं ते एकदाच," ते म्हणाले. "आज मी माझ्या पायांनी जाणार."

"स्पीड कमी करायचा ऑप्शन टाका. यादी पाठवलीये," स्पृहा म्हणाली.

यादीत दोन ऑप्शन. चिंतामणीने घाईघाईत खालचा टाकला. वीस, पन्नास, शंभर!

"झालं मॅडम!"

"कुठला टाकलात?"

"तो... सगळं पुसून भरायचा."

"अहो काका!" स्पृहा ओरडलीच. "मजल्यांची मापंपण पुसली गेली! कुठे थांबायचं, ते लिफ्टला आता कळणारच नाही. मोजायला माणूस सोमवारी येईल."

चिंतामणीने घड्याळाकडे बघितलं. अडीच वाजले होते. वर जाऊन तात्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं?

आणि एकदम त्याला आठवलं. त्याने कंट्रोल बोर्डाच्या पेटीचं दार पूर्ण उघडलं. आतल्या बाजूला पेन्सिलीने सगळ्या मजल्यांची मापं, त्याच्याच अक्षरात. दिवाळीत बोर्ड बसवला तेव्हा लिहिलेली. स्पृहा तेव्हा हसली होती, "काका, बोर्डात सेव्ह होतं की!"

"असू दे, आमची जुनी खोड," तो म्हणाला होता.

"मॅडम, मापं आहेत माझ्याकडे! कुठं भरायची तेवढं सांगा."

"खरंच? काका, वाचवलंत हो!"

आकडे भरले. चिंतामणी एकटाच दोनदा वरखाली जाऊन आला. प्रत्येक मजल्यावर लिफ्ट बरोबर थांबली, तेव्हा कुठे त्याच्या जिवात जीव आला.

"तात्या, या."

तात्या निघाले. लिफ्टची फरशी आणि मजल्याची फरशी अगदी एका रेषेत. वॉकर कुठेही न अडखळता आत गेला. तात्यांनी खाली बघितलंसुद्धा नाही. चिंतामणी मात्र तिथेच बघत होता.