गोळ्याचा ट्रॅप

दाजींच्या लाँड्रीत मी चार दिवसांसाठी म्हणून आलो होतो. केस पिकायला लागले तरी ते चार दिवस काही संपले नव्हते. हॉस्पिटलच्या चादरी धुवायची लाँड्री. तळघरात वाफेचे पाइप, आणि त्या पाइपांचे ट्रॅप सांभाळायला मी, मालकाचा मेहुणा. म्हणजे पगार नोकराचा आणि बोलणी घरच्या माणसाची.

ट्रॅपचं काम तसं सोपं. वाफेचं पाणी झालं की ते बाहेर सोडायचं, वाफेला मात्र आतच अडवायचं. चकतीचा ट्रॅप टिकटिकतो, बालदीचा गुडगुडतो, त्यामुळे ते बिघडले की कानाला कळतं. मोठ्या ड्रायरखालचा गोळ्याचा ट्रॅप मात्र घुम्या. आतला पोकळ गोळा पाण्यावर तरंगतो, पाणी चढलं की दार उघडतो. तो रुसला तर मुकाट्याने गार पडतो आणि वर चादरी ओल्याच राहतात. हे सगळं मी ताईला शिकवलं होतं. चहा घेऊन तळघरात येणारी ती एकटीच. दाजींचा वाफेने एकदा हात भाजला, तेव्हापासून ते पायऱ्या उतरत नसत.

मला लांबच्या एका शहरात काम मिळालं होतं. आज दुपारची बस होती, बॅग भरलेली होती, आणि सकाळीच मोठा ड्रायर गार पडला. मी चरफडत खाली उतरलो. मागच्या खेपेला निघालो तेव्हाही हाच ट्रॅप, त्याच्या आधीच्या खेपेलाही हाच. माझं नशीबच फुटकं असं मी धरून चाललो होतो.

झाकण खोलण्याआधी वाफ बंद करावी म्हणून व्हॉल्व्हला हात घातला, तर तो आधीच बंद होता. चांगला आवळून बंद केलेला. वळून पाहिलं तर मागे ताई चहा घेऊन उभी. कप डाव्या हातात, उजव्या तळव्यावर भाजल्याचा ताजा लाल पट्टा.

माझं डोकंच फिरलं. माझ्या आयुष्याची अशी वाट लावायचा तुला काय अधिकार, वगैरे बरंच काही मी बोललो.

"तू घरी असलास की ते हात आवरतात," ती म्हणाली. "तू रात्रपाळीला गेलास की नाही आवरत."

मी रोज त्याच माणसाच्या पंगतीला बसत होतो. मला स्वतःची भयंकर लाज वाटली. आत्ताच्या आत्ता माझ्याबरोबर चल, म्हटलं. पण फाटकावरचा रखवालदार दाजींच्या शब्दाशिवाय तिला बाहेर सोडत नव्हता, आणि दाजी तो शब्द कशाला देतील, असं ती म्हणाली.

मी व्हॉल्व्ह उघडला नाही. पाना घेतला, ट्रॅपचं झाकण खोललं, आतला गोळा काढून हत्यारांच्या पिशवीत टाकला आणि वर गेलो.

दाजी ओल्या चादरींच्या ढिगाशी उभे राहून कामगारांवर तोंडसुख घेत होते. ट्रॅप कामातून गेला, नवा आणायला शहरात जावं लागेल, असं मी सांगितलं. नव्या नोकरीचं काय, असं त्यांनी विचारलं तेव्हा मी मान खाली घातली. दाजी खूश झाले. मी अडकलो की ते नेहमीच खूश व्हायचे. मग म्हटलं, नवा ट्रॅप म्हणजे लोखंडाचं धूड, एकट्याने बसमध्ये चढवता येणार नाही, एक माणूस द्या. दाजींनी कामगारांकडे पाहिलं. एकाचाही हात रिकामा नव्हता. मग त्यांची नजर ताईवर गेली.

"हिलाच ने," ते म्हणाले. "हिला इथे काय काम असतं?"

ताईने पायात चपला सरकवल्या, बाकी काही घेतलं नाही. माझी भरलेली बॅगही मी खोलीतच राहू दिली. दाजींनी वरूनच हाक मारून फाटक उघडायला सांगितलं, आणि आम्हाला लवकर या म्हणून बजावलं.

बस गावाबाहेर पडली. मग मी गोळा काढून तिच्या हातात दिला. गोळ्याला भोक पडलं की आत पाणी शिरतं आणि हलवल्यावर डुचमळतं, हेही मीच तिला शिकवलेलं. तिने तो कानाशी धरून हलवला. काही वाजलं नाही.

"हा परत द्यायला जावं लागेल?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तिने तो भाजलेल्या तळव्यात धरून ठेवला. गोळा गार होता.