झाडाखाली उभा भाऊ

एडनाचं बाळ सकाळी साडेनऊला झालं. मी वेळ पेनने हातावर लिहून ठेवली, कारण सुईणींच्या दोन आठवड्यांच्या प्रशिक्षणात तसं सांगितलं होतं. मुलगी झाली. रडली खणखणीत. वारही पडली, मी ती खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून पाहिली, कुठे तुकडा मागे राहिला नव्हता. तरी रक्त थांबेना.

आमच्या बेटावरच्या सुलाबू गावात चाळीस वर्षं मी बाळंतपणं केली आहेत. बाळंतिणीच्या अंगावरून किती जावं आणि किती जाऊ नये, हे मला डोळे मिटूनही कळतं. एडनाच्या खालचं कापड मी बदलत होते आणि ते माझ्या हातातच जड होत होतं.

आमच्या दवाखान्याची नर्स, सिस्टर प्रिमरोज, बोटीने जायच्या मोठ्या गावी, आउकीला, कार्यशाळेला गेली होती. ती इतक्या वेळा शिकायला जायची की बाया म्हणायच्या, ही बाई शिकून पुरी होईपर्यंत आमची पोरं आजोबा होतील. तीन दिवस वारा सुटला होता. किनाऱ्यासमोरच्या प्रवाळाच्या रांगेबाहेर बोट घालायची कुणाची छाती नव्हती, आणि आउकीशी बोलायच्या रेडिओची बॅटरी तर ख्रिसमसपासूनच गेली होती.

एक इंजेक्शन मात्र होतं. रक्त थांबवायचं. ते दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये कुलपात होतं आणि किल्ली जेमुएलकडे होती. जेमुएल सहा महिने आउकीत राहून आरोग्यसेवक होऊन आला होता. सुई टोचणं, सलाईन लावणं, सगळं त्याला येत होतं. गावात ते येणारा तो एकटाच होता, आणि तो एडनाचा सख्खा भाऊ होता.

आमच्यात बहीण बाळंत होत असेल तिथे भाऊ पाऊल टाकत नाही. तिच्या अंगाबद्दलचा शब्द त्याच्या तोंडी येऊ नये, त्याच्या कानी पडू नये. पडला तर दोघांची लाज जाते, आणि ती भरून काढायला डुक्कर द्यावं लागतं. म्हणून जेमुएल कुंपणापलीकडे, नीरफणसाच्या झाडाखाली, आमच्याकडे पाठ करून उभा होता. मधली पन्नास पावलं एडनाची सासू टॅबिथा चालत होती. माझं बोलणं ती त्याच्याकडे न्यायची, त्याचं माझ्याकडे आणायची. बाळ झाल्याबरोबर द्यायच्या गोळ्या त्याने तिच्याच हाती पाठवल्या होत्या आणि मी त्या एडनाच्या जिभेखाली ठेवल्या होत्या.

“टॅबिथा, पळ. सांग त्याला, अंगावरून फार जातंय. पाच कापडं भिजली.”

ती गेली, आली. “पोट चोळा म्हणतो. आणि बाळाला अंगावर पाजायला घ्या.”

“ते दोन्ही कधीचं चाललंय. सुई माग.”

ती पुन्हा गेली. मी एडनाच्या ओटीपोटावर हात रोवून चोळत राहिले. आत पिशवी घट्ट व्हायला हवी होती, ती पिकलेल्या पपईसारखी मऊच लागत होती.

“लागली तर देतो म्हणाला,” टॅबिथा दारातून म्हणाली.

“लागली तर? आठवं कापड आहे हे! आठ सांग त्याला. तिचे ओठ पांढरे पडलेत, तेही सांग.”

या खेपेला ती लवकर आली. हातात कप होता. “साखर घालून चहा द्या म्हणाला.”

मी कपाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. टॅबिथा चर्चच्या महिला मंडळाची प्रमुख. तिने आयुष्यात कुणाचं वाईट केलं नव्हतं. या वेळी ती माझ्या नजरेला नजर देत नव्हती.

“टॅबिथा, तू त्याला नक्की काय सांगितलंस?”

“सांगितलं ना. तिला जरा बरं वाटत नाहीये म्हणून.”

“जरा?”

“अगं नेस्ता, भाऊ आहे तो तिचा! त्याच्या तोंडावर मी रक्त म्हणू?”

“आणि आठ कापडं?”

तिचे डोळे भरून आले. “म्हटलं... म्हटलं, धुणं बरंच निघालंय.”

मला हसू आलं नाही. हे सगळं एडनाच्या उशाशी चाललं होतं आणि तिने डोळेसुद्धा उघडले नव्हते.

“इकडे ये. हात ठेव इथे. कसावा पिळतेस ना, तसं दाब. मी येईपर्यंत हात काढलास तर तुझी नात आईवेगळी होईल.”

कोपऱ्यातलं घमेलं मी कमरेवर घेतलं. त्यात ती सगळी कापडं होती. झाकायला काही घेतलं नाही, आणि दारातून सरळ अंगणात उतरले.

सभेच्या छपराखाली पुरुष सुपारी चघळत बसले होते. घमेल्यात काय आहे ते दिसलं तसे ते उठलेच. कुणी तोंड फिरवलं, कुणी डोळ्यांवर हात घेतला. गावचा प्रमुख फिलेमोन ओरडला, “नेस्ता! डोकं फिरलं का तुझं? झाक ते!”

“झाकून झाकूनच इथवर आलंय,” मी म्हटलं आणि चालत राहिले.

जेमुएलला पावलं ऐकू आली असतील. त्याची पाठ ताठ झाली. “टॅबिथामावशी?”

“मी आहे. वळ.”

“आजी, तुम्ही मावशीला पाठवा. मला तुमच्याशी हे—”

“मावशी तुला लाजतेय आणि तुझी बहीण मरतेय. वळ म्हणते ना!”

तो वळला. मी घमेलं त्याच्या पायाशी ठेवलं.

“नऊ आहेत. दहावं तिच्याखाली आहे.”

त्याने एकदाच पाहिलं. खिशातली किल्ली काढली आणि तो फ्रीजकडे धावत सुटला.

फिलेमोन मधे आला. “सुई आण, पण तिला दे. आत तू जायचं नाहीस.”

“मला टोचता येत नाही,” मी म्हटलं.

“मग दोन आठवडे शिकलीस काय?”

“उद्या तुमच्या बायकोची वेळ आली की सांगते.”

तो बाजूला झाला. पटलं म्हणून नव्हे; माझ्या हाताला लागलेलं त्याच्या अंगाला लागू नये म्हणून.

जेमुएल दारात उभा राहिला. एडनाने डोळे उघडले. माझ्या हाकेला ते उघडले नव्हते, त्याच्या चाहुलीला उघडले.

“दादा, बाहेर जा.”

आवाज इतका बारीक की मी वाकून ऐकला. “आजी, त्याला बाहेर काढ. मग या गावात मी तोंड कसं दाखवू?”

तो तिथेच थबकला. “ती नको म्हणतेय,” तो मला म्हणाला. “नको म्हटल्यावर हात लावायचा नाही, असं शिकवलंय आम्हाला.”

त्याच्या हातात भरलेली सुई होती. बाहेर वारा छपराची पानं उचलत होता. मी एडनाच्या कानाशी गेले. “पोरी, मी तुझं तोंड झाकते. मांडीची बोटभर जागा दिसेल त्याला, जास्त नाही. पण पुन्हा नाही म्हणालीस तर तो जाईल, आणि दुपारच्या आत तूही जाशील.”

ती माझ्याकडे बघत नव्हती. सासूकडे बघत होती.

टॅबिथाने एक हात पोटावरून न काढता दुसऱ्याने डोक्याचा रुमाल सोडला आणि सुनेच्या तोंडावर पांघरला. “चूक माझी आहे, बाई. डुक्कर माझं जाईल. घे सुई.”

रुमालाखालून आवाज आला, “लवकर.”

त्याने सुई दिली. हाताला सलाईन लावलं. आम्ही थांबलो. टॅबिथाला सरकवून मी पोटावर हात ठेवला; पिशवी थोडी आवळली, पुन्हा सैल पडली, आणि रक्ताची धार तशीच चालू राहिली.

“आजी,” जेमुएल म्हणाला, “प्रशिक्षणात बाहुलीवर केलं होतंत ना, ते करायला लागेल.”

“मला सगळं आठवत नाही.”

तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला आणि सांगू लागला. मोठ्याने, एकेक करून. मूठ कुठे घालायची, कशी वळवायची, वरचा हात कुठे रोवायचा. ज्या अवयवाला जे नाव आहे ते नाव घेऊन. भावाच्या तोंडून बहिणीबद्दल असे शब्द या गावात कुणी ऐकले नव्हते. रुमाल हलत होता. ती रडत होती. दुखतंय म्हणून की लाजेने, ते मला आजही ठाऊक नाही.

“थांबलं का?”

“कमी झालंय.”

“सोडू नका.”

“हात गेले रे माझे.”

“सोडू नका, आजी.”

भिंतीवरच्या घड्याळात तो मिनिटं बघत होता. वीस झाली तेव्हा म्हणाला, “आता हळूहळू.” मी हात काढला. तिघंही खालच्या कापडाकडे बघत राहिलो. म्हणजे मी आणि टॅबिथा. तो भिंतीकडेच बघत होता.

“सांगा ना,” तो म्हणाला.

“थांबलं.”

तो तसाच, मान न वळवता, बाहेर गेला.

वारा पडल्यावर एडनाला बोटीने आउकीला नेलं, तिला रक्त चढवलं. महिन्याने ती चालत घरी आली. टॅबिथाचं डुक्कर गेलं. पुरुषांसमोरून उघडं घमेलं नेलं म्हणून माझंही गेलं, आणि जेमुएलनेही एक दिलं. रीत पुरी झाली. पण एडना समोरून आली की जेमुएल वाट सोडून झाडीत शिरायचा, आणि तो किनाऱ्यावर असला की ती पाण्याला जायची नाही.

मुलगी सहा महिन्यांची झाली तेव्हा आउकीहून कागद आला. आरोग्यसेवकाच्या प्रशिक्षणाला आणखी एक माणूस पाठवा. छपराखाली सभा बसली. फिलेमोनने दोन पोरांची नावं घेतली. जेमुएलही बसला होता. एडना मुलीला काखेत घेऊन आली आणि त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

“मला पाठवा.”

“अंगावर पिणारी पोर घेऊन?” फिलेमोन म्हणाला.

“पोर बरोबर येईल. सासूबाईही येतील.”

“नवऱ्याला विचारलंस? तो लाकडाच्या कंपनीत, तिकडे दुसऱ्या बेटावर—”

“मी मेले असते तर त्याला विचारून मेले असते का?”

कुणीतरी हसलं.

“अगं, पण जेमुएल आहे ना शिकलेला,” फिलेमोन म्हणाला.

एडनाने मान फिरवली नाही. “भिंतीकडे तोंड करून तो जे बोलला, ते मला अजून ऐकू येतं. जगले त्यामुळेच, ते नाही म्हणत नाही. पण गावात अर्ध्या बाया नात्याने त्याच्या बहिणी आहेत. एकेकीला हे ऐकायला लावणार का?”

जेमुएल उठला आणि कुणाकडे न बघता निघून गेला. टॅबिथा त्याच्या मागे जायला वळली. मी तिचा हात धरला.

फिलेमोनने तोंडातली सुपारी थुंकली. एडना जागची हलली नाही. मुलगी तिच्या गळ्यातले मणी तोंडात घालत होती.

“बोट सोमवारी सुटते,” शेवटी तो म्हणाला. “पहाटे.”