महादूबाबांची वीस मिनिटं

अकरा ओळींची फाइल मी, मित्रांनो. मढच्या कोळीवाड्यात, कृणालच्या खटारा कॉम्प्युटरमध्ये राहते. जुनी आहे, पण कामचुकार नाही. हे आधीच सांगते, कारण सध्या माझं डोकं फिरलंय.

या कॉम्प्युटरवर विंडोज नाही, लिनक्स आहे, आणि कृणालच्या लिनक्सची तऱ्हा वेगळी. तयार मसाला न आणता घरी कुटावा, तसे त्यावरचे प्रोग्राम मूळ कोड आणून घरीच बांधावे लागतात. बांधणीच्या मध्येच आपला बदल घालायचा, तर माझ्यासारखी फाइल लिहून ठेवतात.

मला लिहिलं ते भरती-ओहोटीच्या प्रोग्रामसाठी. कृणालचे बाबा महादू, चाळीस वर्षं होडी चालवलेला माणूस. आता नजर गेली म्हणून घरी. कृणालने प्रोग्राममधलं भरतीचं वेळापत्रक वाचून दाखवलं, तर ते हसले. "आपल्या खाडीत पानी वीस मिन्टं उशिरा चढतं. तुझ्या मशीनला कोन सांगनार?"

"मी सांगतो ना, बाबा!" कृणाल म्हणाला, आणि माझा जन्म झाला. कोड उतरला की थांबायचं, बाबांची वीस मिनिटं मिळवायची, मग बांधणी होऊ द्यायची, एवढंच माझं काम. सहा वर्षं एकदाही चुकले नाही. आता होडी चालवतो तो कृणालचा थोरला भाऊ लवू. प्रोग्राममधून छापलेला भरतीच्या वेळांचा कागद तो प्लास्टिकमध्ये घालून होडीत ठेवायचा. खाडीच्या तोंडाशी खडक आहे. पुरेसं पाणी चढल्याशिवाय आत यायचं नाही. बाबा सगळ्यांना सांगायचे, "त्यात माझी वीस मिन्टं हायेत."

गेल्या महिन्यात प्रोग्रामची नवी आवृत्ती आली आणि बांधणी अर्ध्यावर अडकली. कृणालने इंटरनेटवर मदत मागितली. कुणी शहाण्याने लिहिलं, "आधी स्वतःचे बदल बंद कर." झालं! कृणालने माझ्या अकराही ओळींपुढे हॅशचं चिन्ह ठोकलं. ते लागलं की कॉम्प्युटर ती ओळ वाचतच नाही. बांधणी तरीही अडली, कारण डिस्क गच्च भरली होती. ती रिकामी केल्यावर सगळं सुरळीत झालं. पण माझे हॅश काढायचे तो साफ विसरला. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय!

कागद छापला गेला, वीस मिनिटांशिवाय. आणि एका दुपारी लवूची होडी खडकावर बसली. माणसं वाचली, सुकाणू मोडलं.

लवू घरी येऊन बाबांवरच ओरडला, "तुझी वीस मिनिटं चुकली, बाबा! वय झालं तुझं!"

बाबा एवढंच म्हणाले, "आसंल."

कृणालने मला उघडलं. हॅश पाहून पुटपुटला, "आयला, वाट लागली." भराभर हॅश काढले, पुन्हा बांधणी केली, नवा कागद छापला.

लवूने विचारलं, "नीट केलंस ना?"

"हो, केलं."

बस्स! चूक आपली होती, याबद्दल एक शब्द नाही. अरे, माझं तोंड बांधलंस ते एक वेळ सोडून देईन. पण बापाला का खोटं पाडलंस रे?

मित्रांनो, कुणाचा शब्द खोडलात तर निदान त्या माणसाला तोंडाने सांगा. मी परत कामाला लागले आहे, कागद पुन्हा बरोबर येतो आहे. पण काल लवू मऊ आवाजात विचारायला आला, "बाबा, पाणी कधी चढेल?" तर बाबा म्हणाले, "मला नको इचारू. कागद बघ."