बाहेर न आलेली खुर्ची

उन्हं तापायला लागली, की गल्लीतली माणसं संध्याकाळी घरात टिकत नसत. समोरच्या भिंतीवर सावली चढली, की बेकरीवाल्या वहिनी बादलीभर पाणी फरशीवर मारायच्या. तापलेल्या दगडांतून वाफ उठायची आणि एकेका दारातून खुर्च्या बाहेर पडायच्या. कुणाची लोखंडी, कुणाची वेताची, कुणाची तीन पायांवर जेमतेम तग धरलेली. लिंबाच्या सरबताचा जग हातोहात फिरायचा. पोरं चेंडू आपटून मोठ्यांचा ओरडा खायची आणि मोठी माणसं एकमेकांची टोपी उडवण्यात रमायची. थंडीत मिटलेली गल्ली या दिवसांत अशी उलगडायची.

कुणी कुणाला बोलवायला जायची रीत तिथे नव्हती. ज्याला यायचं तो आपली खुर्ची घेऊन येई. न आला तर त्याला काम असेल, असं धरून चालायचं. अपवाद एकट्या शिंपीमास्तरांचा. गुडघ्याने दगा दिल्यापासून खुर्ची उचलून दाराच्या पायऱ्या उतरणं त्यांच्याच्याने होत नसे. म्हणून समोर कुलपं-किल्ल्यांचं दुकान असलेले दादा रोज आधी मास्तरांकडे जायचे, शिवणयंत्राजवळची उंच पाठीची खुर्ची खांद्यावर घ्यायचे आणि ओरडायचे, "चला, सिंहासन निघालं!" मागोमाग भिंतीला हात लावत मास्तर येत.

मास्तर एकटेच राहत. लांबच्या शहरातली त्यांची मुलगी दर उन्हाळ्यात म्हणे, "बाबा, आता माझ्याकडे चला." मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे, "आणि तिथे संध्याकाळी मी डोकं कुणाचं खाऊ?"

दादांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी गल्लीत दुसऱ्या कुणालाच नव्हती. मास्तरांची नजर मंदावत चालली होती. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती. हे मास्तरांनी दादांना एकट्यालाच सांगितलं होतं आणि वर बजावलं होतं, "बाहेर फुटलं, तर माझ्याकडे कुणी रुमालही शिवायला टाकणार नाही." तेव्हापासून दादा रोज सकाळी दुकान उघडण्याआधी त्यांच्याकडे जाऊन दिवसभराच्या सुयांत दोरे ओवून ठेवत.

त्या संध्याकाळी बेकरीवाला मास्तरांनी शिवलेला नवा सदरा घालून आला. कॉलरचं एक टोक दुसऱ्याच्या बरंच खाली उतरलं होतं. हवा छान पडली होती, सगळे रंगात आले होते, आणि दादांची जीभ मोकळी सुटली होती.

"अरे मास्तर, हा सदरा शिवलास की अंदाजाने जोडलास? मी आहे म्हणून चाललंय तुझं! सकाळी मी दोरे ओवून दिले नाहीत, तर हा सुईऐवजी खिळा घेऊन बसेल!"

हशा पिकला. बेकरीवाला तर डोळे पुसायला लागला. "म्हणजे मी आंधळ्या कोशिंबिरीत सापडलो म्हणायचं!"

मास्तरही हसले. मग जरा वेळाने म्हणाले, "सदरा आणून टाक उद्या. उसवून देतो." आणि भिंतीला हात लावत घरात गेले.

खुर्ची दादांनीच उशिरा आत नेऊन ठेवली. दिवा मालवलेला होता. आपण नेमकं काय बोलून बसलो, हे दादांच्या तेव्हा लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचं दार बंद होतं. दादा दोनदा उंबऱ्यापर्यंत जाऊन परतले. संध्याकाळी सगळ्यांच्या खुर्च्या बाहेर आल्या, एक सोडून.

"अहो, मास्तरांची खुर्ची राहिली ना!" दादांच्या बायकोने विचारलं.

"राहू दे. रागावलाय तो."

"मग राग काढायला कोण जाणार? मी?"

"काल इतकं बोलून आज पुन्हा 'सिंहासन निघालं' करत जाऊ? कोडगेपणा दिसेल तो. निवू दे जरा."

दादांना यात खरोखरच समजूतदारपणा वाटत होता. पण एकदा न गेलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जाणं जास्त जड जातं, आणि तिसऱ्या दिवशी त्याहून जड. मास्तरांचा गुडघा दुखावला असेल, असं गल्लीने धरून चाललं. बेकरीवाला शरमेपोटी सदरा घेऊन गेलाच नाही. एकदा वहिनींना पाणी मारायची बादली द्यायला जाताना दादांना अर्धवट उघड्या दारातून मास्तर दिसले. धुतलेला सदरा घालून, केस विंचरून, ते दाराशीच खुर्चीत बसले होते. दादांच्या पावलांची चाहूल त्यांना आंधळेपणीही ओळखू आली असती. 'हाक मारील,' असं मनाशी म्हणत दादा मुद्दाम रेंगाळले. हाक आली नाही. बादली हातात घेऊन ते पुढे गेले.

मग एका दुपारी मास्तरांच्या दारात टेम्पो उभा राहिला.

दादा दुकान तसंच टाकून धावले. मुलगी दोरीने गाठोडं आवळत होती. "काका, यंदा बाबा पहिल्याच बोलण्यात हो म्हणाले. मला तर खरंच वाटेना!"

मास्तर रिकाम्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते.

"न सांगता निघालास?" दादांना धाप लागली होती.

"सांगायला तू होतास कुठे?"

"मला वाटलं, तू रागावलायस."

"रागावलो होतोच. त्या रात्रीपुरता." मास्तर आवाजाच्या रोखाने पाहत होते. "दुसऱ्या दिवशी तयार होऊन बसलो होतो. तिसऱ्याही."

"मग हाक मारायचीस की रे, गाढवा!"

"आपल्याकडे हाक मारून कोण बाहेर बसतं? मला वाटलं, आता सगळ्यांना कळलंय, कोण बसवून घेणार या आंधळ्याला? मुलीचा फोन आला, नेहमीचं विचारलं. माझं नेहमीचं उत्तर तोंडात येईना. खोटं ठरलं असतं."

"मी आत्ता सामान उतरवतो. चल."

"घर दिलं रे. उद्या नवी माणसं येतायत. तिने तिथे खोली रंगवून घेतलीय माझ्यासाठी. तिला काय सांगू?"

दादा त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले. "चुकलं माझं," ते म्हणाले. इतक्या वर्षांत हे शब्द त्या दोघांत कधी लागले नव्हते, त्यामुळे ते परक्यासारखे वाटले.

मास्तरांनी चाचपडत त्यांचा गुडघा शोधला आणि थोपटला. "माझंही थोडं चुकलं. पण आता असू दे."

निरोपाला सगळी गल्ली लोटली. वहिनींनी वाटेसाठी पाव बांधून दिला, बेकरीवाल्याने खाली मान घालून हात हातात घेतला, आणि टेम्पो वळणावर दिसेनासा झाला.

संध्याकाळी फरशीवर पाणी पडलं, खुर्च्या आल्या, सरबत फिरलं. बेकरीवाल्याने सुस्कारा टाकला. "मास्तर असे एकाएकी का गेले, काही कळत नाही. दादा, तुमची तर जिवाभावाची दोस्ती. तुम्हाला माहीत असणार."

"माझ्यामुळे गेला," दादा म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मग बेकरीवाला मांडीवर थाप मारून म्हणाला, "झालं! यांना आजसुद्धा थट्टाच सुचते!" आणि खुर्च्यांवरून हसू पसरत गेलं.

दादांनी दुसऱ्यांदा तोंड उघडलं, पण तोवर विषय बदलला होता.